घर कोणी सोडायचं?

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा कळंब तालुक्यातल्या गावोगावच्या लेकीबाळी माहेरी येतात. यात्रा उठते, पाहुणे पांगतात आणि एखाद्या घरची लेक मात्र परत जात नाही. चार दिवस कोणी काही बोलत नाही. मग ओट्यावर, पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत हलक्या आवाजात चौकशी सुरू होते, ‘पोरगी नांदती ना?’

‘नांदणं’ या एका शब्दात मराठी संसाराचा अलिखित कायदा मावलेला आहे. नांदायची ती बाई. नांदवायचं ते नवऱ्यानं आणि सासरच्यांनी. नांदण्याची जागा ठरलेली, ती म्हणजे त्याचं घर. मारहाण झाली, उपाशी ठेवलं, माहेराहून पैसे आण म्हणून रात्री दार लावून घेतलं, तरी प्रश्न एवढाच उरायचा की ती परत जाणार की माहेरी बसणार. दोन्ही वाटांवर पाऊल तिनंच उचलायचं. मारणाऱ्यानं घर सोडावं, हा तिसरा पर्याय गावच्या पंचांना सुचला नाही, आणि सरकारच्या कायद्यातही तो २००६ सालापर्यंत स्पष्ट शब्दांत आला नाही.

आज कळंबच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात तालुक्यातली कोणतीही बाई अर्ज करून संरक्षणाचा आदेश मागू शकते. तालुक्यात त्याला ‘डीव्हीची केस’, म्हणजे डोमेस्टिक व्हायोलन्सची केस, म्हणतात. हा आदेश नवऱ्याला मारहाण करण्यापासून रोखतो, तिच्या कामाच्या ठिकाणी जायला आणि फोन करायला मनाई करू शकतो, आणि वेळ पडली तर कोर्ट त्यालाच घराबाहेर राहायला सांगतं. इथवर यायला पावणेदोनशेहून अधिक वर्षं लागली.

त्या वाटेची सुरुवात कोर्टापासून दूर, पंचांसमोर होते. १८२७ च्या सुमारास आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी दख्खनमधल्या जातींच्या रूढींची नोंद केली. तीत सोडचिठ्ठी आणि पाटाच्या चालीरीती सापडतात. मराठी मुलखातल्या अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड घेता येत असे. पंचांसमोर काडी मोडली की नातं मोडलं, आणि बाई दुसऱ्याशी पाट लावायला मोकळी. वरच्या समजल्या गेलेल्या जातींत तेवढीही सोय नव्हती. पण काडीमोडीनं नातं तुटायचं, घर मिळायचं नाही. जमीन, ओसरी, जनावरं आणि बहुतेक वेळा मुलंही बापाच्या दारात राहायची. बाई निघायची ती लुगड्यानिशी.

ज्या बायका निघू शकल्या नाहीत, त्यांची साक्ष कुठल्या दप्तरात नाही. ती जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास हा त्या संग्रहाचा एक मोठा विषय आहे. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपेत असताना, बाईनं दगडापाशी सांगितलेली ती फिर्याद आहे. ती ऐकून हुकूम काढणारं कोणी तेव्हा नव्हतं.

कोर्ट नवरा-बायकोच्या भांडणात पडलं, तेव्हा त्याचा पहिला गाजलेला हुकूम उलट दिशेचा होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं होतं. त्या सासरी गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवा. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

नांदायला न गेलेल्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ साली निघाली. नांदायला बोलावण्याचा दावा मात्र टिकला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा मंजूर झाला, त्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रखमाबाईंचं निधन झालं.

रखमाबाईंचा खटला आणि १९२३ चा बदल हे सगळं घडलं ते इंग्रजी मुलखात. कळंब निजामाच्या राज्यात होतं. आजच्या धाराशिव जिल्ह्याला सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणत, आणि कोर्टकचेरीचा कारभार उर्दूत चाले. दाद, फिर्याद, हुकूम, तारीख, जामीन हे आपल्या तोंडातले शब्द फारसी वळणाचे आहेत आणि मराठवाड्याच्या बोलीत ते अधिकच घट्ट रुजले. शब्द घरोघर पोचले, पण इटकूर किंवा शिराढोणच्या अक्षरओळख नसलेल्या बाईला उर्दू कागदावरून दाद मागणं कसं जमावं? १९४६ साली ब्रिटिश हिंदुस्थानात एक कायदा झाला होता. नवरा क्रूरपणे वागत असेल तर हिंदू बायकोला वेगळं राहून पोटगी मागता येईल, असं तो सांगत होता. निजामाच्या हद्दीत तो लागू नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५१ साली देशाची फौजदारी प्रक्रिया संहिता या भागाला लागू झाली आणि तिच्याबरोबर आलं कलम ४८८, म्हणजे बायको-मुलांच्या पोटगीचं कलम. महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये ही त्याची मर्यादा होती. १९५५ साली ती ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेत याच कलमाचा क्रमांक १२५ झाला, म्हणून आजही जुनी माणसं पोटगीच्या दाव्याला ‘एकशे पंचवीस’ म्हणतात. रकमेची कमाल मर्यादा मूळ कायद्यातून निघायला २००१ साल उजाडलं. पोटगी मिळाली तर पोटाला आधार व्हायचा. डोक्यावरचं छप्पर मात्र त्या कलमात नव्हतं. पोटगी मागणारी बाई घराबाहेर पडलेलीच आहे, असं कायदाही गृहीत धरत होता.

मग १९८२ साल आलं. कळंबच्या शेजारच्या बीडची मंजुश्री सारडा त्या वर्षी फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्याला गेली. जूनमध्ये ती सासरी विषबाधेनं गेली. बहिणीला आणि मैत्रिणीला तिनं लिहिलेली पत्रं पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वाचली गेली. त्यांत तिच्या त्रासाचं वर्णन होतं. सत्र न्यायालयानं आणि उच्च न्यायालयानं तिच्या नवऱ्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली परिस्थितीजन्य पुरावा अपुरा ठरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुरावा कसा जोखावा याची त्या निकालातली पाच तत्त्वं आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जातात. मंजुश्री मात्र मेल्यानंतरच न्यायालयाच्या दारात पोचली. ती पत्रं लिहीत होती, तेव्हा ती घेऊन तिनं कुठे जावं, अशी जागाच कायद्यात नव्हती.

त्या मृत्यूनं पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं. ते दशक स्टोव्हच्या भडक्यांचं होतं. वर्तमानपत्रांत दर आठवड्याला ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी असायची. स्टोव्ह सुनेच्याच हातात का फुटतो, सासूच्या हातात का नाही, हा प्रश्न जाहीरपणे विचारला जाऊ लागला. १९८३ साली दंडसंहितेत कलम ४९८-अ आलं. नवऱ्याकडचा आणि सासरच्यांकडचा छळ पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला.

मराठवाड्यात हे काम मांजरेपलीकडच्या अंबाजोगाईत उभं राहिलं. द्वारकादास आणि शैला लोहिया यांच्या ‘मानवलोक’ संस्थेनं ‘मनस्विनी’ प्रकल्पातून नवऱ्यानं टाकलेल्या, मार खाऊन आलेल्या बायकांना निवारा, सल्ला आणि कामधंदा देणं सुरू केलं. १९८८ साली संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली. तोवर ज्या बायका घराच्या मागच्या खोलीत तोंड लपवून दिवस काढत होत्या, त्या मंडपात बसून बोलल्या. मुंबईत १९८४ सालीच टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसते आणि तक्रार ऐकते, ही पद्धत पुढे राज्यभर पसरली.

या काळात शब्दही बदलत गेले. आधी ‘टाकलेली’, मग ‘परित्यक्ता’ आणि आता ‘एकल महिला’. पहिल्या दोन शब्दांत कर्ता नवरा आहे, ती टाकली गेलेली वस्तू आहे. तिसऱ्यात ती एकटी, पण स्वतःच्या पायावर उभी आहे. कळंब तालुक्यात हासेगावहून काम करणाऱ्या, विश्वनाथ तोडकर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘पर्याय’सारख्या संस्थांनी हा तिसरा शब्द गावांत नेला. रेशनकार्ड, घराची नोंद आणि जमीन या प्रश्नांशी त्यांनी तो जोडला.

४९८-अ नं गुन्हेगाराला शिक्षा देऊ केली, पण संसार कुठे करायचा ते सांगितलं नाही. गावात ‘तिनं चारशे अठ्ठ्याण्णव टाकली’ असं म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ सगळे एकच काढतात, की आता परतीची वाट बंद. नवरा दोन-चार दिवसांत जामिनावर सुटतो, स्वतःच्या घरी जातो आणि तक्रार करणारी भावाच्या घरातल्या कोपऱ्यात बसते. म्हणून अनेक बायका पोलिस ठाण्याची पायरी चढतच नाहीत. त्यांना नवरा तुरुंगात नको असतो. मार थांबायला हवा असतो आणि मुलांची शाळा सुटायला नको असते.

घराचा मुद्दा वेगळ्या वाटेनंही पुढे येत होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं. त्यानंतरच्या वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण जाहीर केलं, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती केली आणि छळ, पोटगी, मालमत्ता अशा वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. सातबाऱ्यावर किंवा घराच्या ग्रामपंचायत नोंदीत जिचं नाव आहे, तिला रात्री बाहेर काढणं अवघड जातं, हे गावाला कळायला लागलं होतं. पण ज्यांच्या नावावर काहीच नाही, अशा बायका संख्येनं कितीतरी जास्त होत्या.

त्यांच्यासाठी उत्तर आलं ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या लांब नावानं. बाहेरच्या जगात असे आदेश तीन दशकं आधी आले होते. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९७६ साली कायदे झाले होते. भारतानं १९९३ साली स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. इंदिरा जयसिंग यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हनं मसुद्यावर काम केलं. सप्टेंबर २००५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ रोजी कायदा लागू झाला.

या कायद्याचं कलम १७ म्हणजे ‘नांदण्या’च्या जुन्या कायद्याला दिलेलं सरळ उत्तर आहे. घर कोणाच्या नावावर आहे हे न विचारता ते म्हणतं, की ज्या सामायिक घरात ती राहिली, तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. कलम १८ संरक्षणाचा आदेश देतं. कलम १९ खाली न्यायाधीश नवऱ्याला घर सोडायला सांगू शकतात, किंवा तिच्यासाठी तशाच दुसऱ्या घराचं भाडं भरायला लावू शकतात, आणि तिचं स्त्रीधन परत करायला सांगू शकतात. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, अपमान, लैंगिक छळ आणि पैशाची अडवणूक यांनाही कायदा हिंसा मानतो. निकड असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्यापूर्वीच अंतरिम हुकूम देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. संरक्षणाचा हुकूम मोडला तर तो गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्याच्या मर्मावर घाव बसला. डिसेंबर २००६ मध्ये बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सासूच्या मालकीचं घर हे सुनेचं सामायिक घर होऊ शकत नाही. खेड्यात आणि शहरातही घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असणं हीच सर्वसाधारण रीत. त्यामुळे असंख्य अर्ज या एका निकालावर अडले. तो चुकीचा ठरवायला चौदा वर्षं लागली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा प्रकरणात तिघा न्यायमूर्तींनी बत्रा निकाल रद्द ठरवला आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क मान्य केला. मधल्या काळात, २०१६ साली, मुंबईच्या हरसोरा कुटुंबाच्या प्रकरणात आणखी एक अडसर निघाला. अर्ज फक्त प्रौढ पुरुषाविरुद्धच करता येईल ही अट न्यायालयानं काढून टाकली, म्हणजे छळणाऱ्या सासू-नणंदेलाही उत्तर देणं भाग पडलं.

बालाघाटाच्या पट्ट्यात या कायद्याचं आणखी एक कलम मोलाचं आहे. बीडमधून आणि धाराशिवच्या कळंब, वाशी, भूम भागांतून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम माणसं मोजतो ती कोयत्यांत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल जोडीच्या नावानं घेतली जाते आणि बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. पालात मार खाणारी बाई निघून गेली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. म्हणून तिला थांबवायला नवऱ्याबरोबर मुकादमही असतो. कलम २७ अशा बाईला सांगतं, की तू कायमची किंवा तात्पुरती जिथे राहतेस, तिथल्या कोर्टात अर्ज कर. फडावरून पळून कळंबला माहेरी आलेली बाई कळंबलाच दाद मागू शकते. साखर कारखान्याच्या गावी हेलपाटे घालायची तिला गरज नाही.

जो नवरा नाही अशा माणसानं केलेल्या पाठलागाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती महाराष्ट्राच्या काळजावरची जखम आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला रिंकू पाटील या मुलीला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात जाळून मारण्यात आलं. तिच्यामागे लागलेल्या तरुणाचं ते कृत्य होतं. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियानं पाठलागाविरुद्धचा कायदा केला. आपल्याकडे पाठलाग हा वेगळा गुन्हा व्हायला २०१३ साल आणि न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल यावा लागला. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम ७८ आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. परंतु घरातल्या नात्याबाहेरच्या पाठलाग्याला दूर ठेवणारा, २००५ च्या कायद्यासारखा सोपा दिवाणी आदेश मुलींना अजून मिळालेला नाही. तो मिळायला हवा.

कागदावरचा कायदा गावात पोचवायचा तो संरक्षण अधिकाऱ्यानं. अर्ज लिहून घेणं, कौटुंबिक घटना अहवाल भरणं, नोटीस बजावणं, वैद्यकीय तपासणी आणि निवारा मिळवून देणं ही त्याची कामं. पण सुरुवातीला अनेक ठिकाणी हे पद आधीच दुसऱ्या कामांत बुडालेल्या अधिकाऱ्यांवर अतिरिक्त म्हणून आलं, आणि साठ दिवसांच्या निकालाला वर्षं लागू लागली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना पुन्हा बजावावं लागलं, की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, सहा आठवड्यांत नेमा. कायदा येऊन तेव्हा जवळपास वीस वर्षं झाली होती.

२०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौघींत एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. उरलेल्या घरात गप्प आहेत, आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या घराला ऐकू येतो.

त्या भिंतीपलीकडच्यांसाठी कायद्यात कलम ४ आहे. हिंसा झाली किंवा होणार आहे असं वाटलं, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. गिरणीत, ओट्यावर ‘पोरगी नांदती ना?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला हा अधिकार आहे. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. कोर्टाच्या आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.